मागची बाजू

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक काका हमखास भेटतात. वाटी असो, समई असो, नाहीतर कुणाचं नवं पेंडंट. त्यांच्या हाती लागलं की आधी उलटं होतं. निवृत्त इंजिनिअर, शर्टाच्या खिशात भिंग आणि नाद एकच, जुन्या लष्करी पॅराशूट बिल्ल्यांचा. स्वतः मात्र विमानात खिडकीजवळ बसत नाहीत.

आपल्याला वाटतं, बिल्ला म्हणजे दोन पंख आणि मधे उघडलेली छत्री. काका म्हणतात, "ती दर्शनी बाजू. सगळ्यांची सारखीच. उलटा करा!" अमेरिकन बिल्ल्याचा आराखडा विल्यम यारबरो या अधिकाऱ्याने 1941 मध्ये केला आणि पहिली खेप फिलाडेल्फियाच्या बेली, बँक्स अँड बिडल या जवाहिऱ्यांनी घडवली, हे काका अशा थाटात सांगतात की बारशाच्या घुगऱ्या यांनीच खाल्ल्या असाव्यात.

मग बिल्ले घडवणाऱ्यांची घराणी निघतात. न्यूयॉर्कचे एन. एस. मायर. लंडनचे गाँट, युद्धात इंग्लंडमध्ये तळ ठोकून असलेल्या अमेरिकन छत्रीधारी सैनिकांसाठी त्यांनीही पंख घडवले. मग तपासणी: 'स्टर्लिंग' या चांदीच्या शिक्क्याची अक्षरं ठसठशीत आहेत, की नकलेच्या साच्यात बुजलीत? मागे पिन आहे, की क्लचच्या दोन खुंट्या? पॅरिसच्या द्रागोने तर शिक्क्यात स्वतःचा पत्ताच घातला. त्यातल्या रस्त्याच्या नावावरून काका बिल्ल्याचं वय काढतात. ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. काका विचारतात, तेही भिंगातून.

मला विचाराल तर यात वेड कमी, संशय जास्त. फ्ली मार्केटमधला विक्रेता शपथेवर सांगतो, "माझ्या आजोबांच्या ट्रंकेत सापडला." काका बिल्ला उलटतात, परत ठेवतात आणि मराठीत पुटपुटतात, "आजोबा असतील खरे. बिल्ला परवाचा आहे." तो लावून कुणी उडी मारली, तो वाचला का, यात त्यांना फारसा रस नाही. "ते पुस्तकात मिळतं हो!" काकूंचं म्हणणं एवढंच, की या घरात चांदी येते ती पंख लावूनच, आणि तिजोरीत जाते तीही काकांच्याच.

गेल्या गणपतीत कुणाचे तरी वडील साताऱ्याहून आले होते. भारतीय लष्कराच्या 2 पॅरा (मराठा) या छत्रीधारी पलटणीचे निवृत्त सुभेदार. युद्धात 11 डिसेंबर 1971 ला बांगलादेशात टांगाइलला पलटणीने उड्या घेतल्या, त्यांतले एक. त्यांनी पाकिटातून आपला कापडी पंख काढून दिला. काकांनी सवयीने उलटला. मागे नुसत्या दोऱ्याच्या गाठी.

"शिक्का नाही हो याला," काका हिरमुसले.

सुभेदारांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढला. लांबलचक जुना व्रण. "शिक्का हितं हाय. टांगाइलचा."

काका खाली बसले, भिंग लावलं, बराच वेळ निरखलं. मग मान वर करून अत्यंत आदराने म्हणाले, "सुभेदारसाहेब, जरा वळता का? मागून बघतो."