चिरंजीवांचे पाय थांबत नाहीत

लंडन, जुलै अखेर

ती. आईंना शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहेत. तुमचे चिरंजीवही खुशाल आहेत, फक्त सध्या जिना पाठमोरे उतरतात. रविवारी व्हिडिओ कॉलवर ते सोफ्यावरून हलले नाहीत म्हणून तुम्ही काळजीत पडलात. आजारपण नाही, सायकल आहे. ते तुम्हाला अर्धंच सांगतील, म्हणून मी सविस्तर लिहिते.

यांनी हिवाळ्यात नवी सायकल घेतली. तिला गिअर नाहीत. त्याचं तुम्हाला काही वाटणार नाही, बाबांच्या सायकलीलाही नव्हते. पण हिला फ्रीव्हीलही नाही. तुमचं शिलाईचं पायमशीन आठवा. चाक फिरतंय तोवर पायाखालची लोखंडी पट्टी वरखाली होतच राहते. इथेही तोच कारभार. मागचं चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार आणि पायडल फिरतंय तोवर पाय फिरणार. मग उतार असो, वळण असो की शिंक येवो. वेग कमी करायचा तर पायांनी उलटा जोर लावायचा. मागचा ब्रेकच नाही! आणि इथल्या १९८३ च्या नियमांना हे चक्क मान्य आहे. अशा सायकलीत मागच्या ब्रेकचं काम पाय करतात असं सरकार धरून चालतं. पुढचा ब्रेक मात्र सक्तीचा. तो डोळ्यांनी बघितला, तेव्हाच मी ती घरात घेऊ दिली.

थोडक्यात, गिअर नाही, फ्रीव्हील नाही, मागचा ब्रेक नाही, मडगार्ड नाही, स्टँड नाही, आणि किंमत माझ्या गिअरवाल्या सायकलीपेक्षा जास्त. विचारलं तर म्हणाले, साधेपणाला किंमत असते. वर व्याख्यान झालं: टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत गिअर बदलायची यंत्रं वापरायला बंदीच होती, चढ आला की खेळाडू खाली उतरून मागचं चाक उलटं लावायचे, कारण दुसऱ्या बाजूला मोठं चक्र असायचं. मी म्हटलं, त्यांना बंदी होती, तुम्हाला कोणी घातली?

तर ही सायकल घेऊन आम्ही ‘डनिच डायनॅमो’ला गेलो. दर जुलैत पौर्णिमेच्या जवळच्या शनिवारी (म्हणजे बहुधा तुमच्या गुरुपौर्णिमेच्या आसपास) संध्याकाळी हॅकनीतल्या लंडन फील्ड्स या बागेतून शेकडो लोक निघतात आणि रात्रभर सायकल मारत सफोकच्या किनाऱ्यावर डनिचला पोचतात. सुमारे १८० किलोमीटर. नावनोंदणी नाही, फी नाही, पहिला नंबर नाही, बक्षीस नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून हे चाललंय. सायकलवरून टपाल पोचवणारे कुरिअरवाले एका रात्री काम संपल्यावर समुद्राकडे निघाले, तिथून ही प्रथा पडली असं सांगतात. मुलीला शेजाऱ्यांकडे ठेवलं, तुम्ही पाठवलेले डिंकाचे लाडू आणि थोडे धपाटे पिशवीत घातले आणि मीही निघाले. माझ्या सायकलीला गिअर आहेत, हे पुन्हा सांगते.

लंडन सोडेपर्यंत सिग्नल फार. सिग्नलला आम्ही सगळे पाय टेकून उभे, आणि हे पाय न टेकता, हँडल वाकडं करून, पाव फूट पुढे पाव फूट मागे असे डुलत उभे! शेजारच्या बाईंनी कौतुकाने बघितलं, तेवढ्यात हिरवा दिवा लागला आणि यांचा तोल गेला. बाईंनीच धरलं.

एपिंग गावाच्या पुढे अंधार सुरू झाला. अरुंद रस्ता, दोन्हीकडे झाडांची कुंपणं, पुढे नजर पोचेल तिथवर लाल दिवे. फसव्या वळणांवर कोणीतरी जॅमच्या बरणीत मेणबत्ती लावून ठेवलेली. तो भाग तसा सपाट म्हणतात, पण छोटे चढउतार संपतच नाहीत. चढाला हे सगळ्यांच्या पुढे, कारण एकच गिअर, वेग कमी केला तर पायडल हलणारच नाही. उतार लागला की आम्ही पाय सोडून निवांत. वीस-पंचवीस फ्रीव्हीलांची एकसाथ टिकटिक आणि मधोमध आमच्या ह्यांचा श्वास, एवढंच ऐकू यायचं. पुढचं चक्र ४८ दात्यांचं, मागचं १८, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात साडेपाच मीटरच्या वर. ताशी ४५ किलोमीटरच्या उताराला मिनिटाला १३० च्या वर फेरे होतात. त्या वेळी मी शेजारून लाडू पुढे केला. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. आई, तुमच्या लाडवाला त्यांनी पहिल्यांदा नाही म्हटलं!

सडबरी गावाच्या अलीकडे यांचं मागचं चाक पंक्चर. हे चाक नटांनी आवळलेलं, त्याला १५ चा पाना लागतो. तो होता, पण पिशवीच्या तळाशी, धपाट्यांच्या खाली. मी टॉर्च धरून उभी. जाणारा प्रत्येक जण “सगळं ठीक ना?” विचारत होता आणि हे प्रत्येकाला “हो, हो” म्हणत होते, त्यामुळे ट्यूब बदलायला दुप्पट वेळ लागला. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की त्या चाकाच्या दुसऱ्या बाजूला फ्रीव्हीलचं चक्र आहे! नुसतं चाक उलटं लावलं की उरलेली रात्र पाय सुटे. मी तसं म्हटलं. यांनी काळ्या हातांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, “मग मागचा ब्रेक कुठे राहिला?” कायदा त्यांच्या बाजूने निघाला. चाक होतं तसंच लागलं, कपाळावर काळा पट्टा आला, आणि चेन ताणून होईपर्यंत मी दोन धपाटे खाल्ले.

उजाडल्यावर पोचलो. डनिचची कथा तुम्हाला आवडेल. मध्ययुगात हे मोठं बंदर होतं. १२८६ च्या वादळापासून समुद्राने ते झपाट्याने खायला सुरुवात केली आणि घरं, चर्च, रस्ते जवळजवळ सगळं गिळलं. तरी १८३२ पर्यंत हे गाव लंडनच्या संसदेत दोन खासदार पाठवत होतं. मतदारसंघ पाण्यात, खासदार जागेवर! बाबांना हे नक्की वाचून दाखवा, त्यांची करमणूक होईल. गावात रेल्वे नाही, म्हणून परत येताना सायकली लॉरीत आणि माणसं बसमध्ये. बसमध्ये हे लगेच झोपले. सगळी बेरीज केली तर पायडलचे ३२ हजारांच्या आसपास फेरे होतात, त्यात एकही फुकटचा नाही. घरात कचऱ्याचा डबा बाहेर न्यायला तीनदा सांगावं लागणारा माणूस हे कसं करतो, ते तुम्हीच सांगा, वाढवलंत तुम्ही. पण तक्रार एकदाही केली नाही, हेही लिहायला हवं.

मुलगी मजेत आहे, शाळेला सुट्टी लागली. मेतकूट संपलं. बाबांना नमस्कार.

आपली,
सूनबाई

ता. क. डिसेंबरात आम्ही साताऱ्याला येतोय. पडवीतल्या बाबांच्या सायकलीचं फ्रीव्हील काढून तीही अशीच करायची आणि यवतेश्वरचा घाट उतरायचा, असा यांचा बेत आहे. आम्ही पोचायच्या आत तिला कुलूप लावा आणि किल्ली तुमच्याकडेच ठेवा. बाबांकडे देऊ नका, ते यांना सामील आहेत.