राय, म्हशी, राय

आमच्या आबांना सन विचारला की ते म्हैस सांगत. निजामाचं राज्य 1948 साली गेलं हे आम्ही शाळेत शिकलो. आबांच्या हिशेबात ते 'भुरी पयल्यांदा व्याली तवा' गेलं. 1956 साली राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल गेलं, आणि आम्ही आंध्रात राहिलो. का राहिलो, असं विचारलं की आबा म्हणत, "मोडशिंगी गाभण व्हती. तिले घिऊन कुठं जातो?" जणू दिल्लीहून तार करून आबांना विचारलं होतं, आणि आबांनी म्हशीकडं बघून नकार कळवला होता.

आमचं गाव बेल्याच्या बाजूला, पैनगंगेच्या अलीकडं. उन्हाळ्यात नदीचं पाणी ओसरलं की म्हशी डुंबता डुंबता पलीकडच्या काठाला लागत. मग एक पोरगं दुसऱ्या राज्यात जाऊन शेपटी पिरगाळून त्यांना परत आणी. मी असे बरेच आंतरराज्य दौरे केले आहेत, सगळे अनवाणी.

गोठ्यात चार म्हशी. नागपुरी जातीच्या, म्हणजे शिंगं चपटी, लांबलचक, तलवारीसारखी पार खांद्यापर्यंत मागं गेलेली. चित्रात शोभून दिसतात. धार काढायला बसलेल्या माणसाला मात्र त्यातली शोभा कळत नाही. माशी चावली म्हणून म्हशीनं मान वळवली की आबांची टोपी शिंगावर आणि आबा शेणात. टोपी ते आधी काढून घेत, उठायचं नंतर बघत.

खरी पंचाईत भाषेची होती. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात उर्दू आणि आठवडी बाजारात भेटणाऱ्या गोंड मंडळींशी गोंडी-मराठीची मिसळ. आजी नदीपलीकडची, वणीकडची. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली तरी तिनं तेलुगूचा एक शब्द तोंडात येऊ दिला नव्हता. "मले नाई समजत बाप्पा तुमचं ते," म्हणून ती पदर सारखा करी. कोणी दारात येऊन "बर्रे उन्नदा?" म्हणजे म्हैस आहे का, असं विचारलं की ती सांगे, "बरे हाव. तुमी बरे?"

मी लहानपणी एकदाच फसलो. शेजारच्या तेलुगू काकूंनी वाटी दिली आणि आमच्या घरून 'पेरुगु' आणायला सांगितलं. मी परसातले दोन पेरू वाटीत घालून नेले. काकूंनी ते खाल्ले, आणि दही न्यायला स्वतः आल्या.

आबांचा म्हशीशी बोलायचा मुख्य शब्द एकच: 'राय'. म्हणजे राहा, उभी राहा, हलू नको. हा शब्द सुरात म्हटला की म्हैस पान्हा सोडी. एका वर्षी निर्मलकडचा नवा गडी ठेवला. पहिल्याच सकाळी म्हैस चुळबुळ करायला लागली, तसे आबा चरवी गुडघ्यात धरून ओरडले, "राय! राय!" गडी पळत गेला आणि एक धोंडा घेऊन आला. आबा आणखी जोरात "राय!" म्हणाले. तो दुसरा, मोठा धोंडा घेऊन आला. तेलुगूत 'रायि' म्हणजे दगड. बिचाऱ्यानं मालकाचा शब्द पडू दिला नाही. त्या दिवशी दूध निघालं नाही, पण गोठ्याचा एक कोपरा फरसबंद झाला.

दूध केंद्रावर नेणं माझ्याकडं. तिथं भाव फॅटवर, आणि फॅट काढायची रीत मला शाळेतल्या कुठल्याही प्रयोगापेक्षा भारी वाटे. काचेच्या नळीत आधी दहा मिली गंधकाम्ल, त्यावर पावणेअकरा मिली दूध, मग एक मिली अमाइल अल्कोहोल, बूच, आणि हलवायचं. नळी अशी तापे की फडक्यात धरावी लागे. मग ती यंत्रात गरगरा फिरवली की पिवळी चरबी वर येऊन आकड्यांपाशी थांबे. म्हशीच्या दुधाला सहा-सात लागायला हरकत नाही. आम्हाला पाच लागली की बाबा आईकडं बघत, आई आजीकडं आणि आजी हंड्याकडं. "ढेप कमी पडली असंल," असं आजी म्हणे. ढेप कमी पडली नव्हती. सरकीची ढेप कापसाच्या मुलुखात कशी कमी पडेल?

पोळ्याला बैलांना झूल, बाशिंग, पुरणपोळी. म्हशी गोठ्यातून बघत राहत. हैदराबादेत दिवाळीनंतर सदर असतो, त्यात सजवून मिरवतात तेही रेडे. म्हणजे मराठी सणाला बैल, तेलुगू सणाला रेडा, आणि दूध देणारी दोन्हीकडून कोरडी. यावर आजी आईकडं बघून म्हणे, "आपलंच हाय की मग."

पुढं बाबांनी एक म्हैस विकली. घेणारा त्याच गड्याच्या गावचा, तरणाबांड, पैसे मोजून देणारा. आठ दिवसांत तो परत आला. म्हैस धारेला उभीच राहत नाही म्हणाला. आबांनी त्याला ओसरीवर बसवून तासभर 'राय' घोटून घेतलं. लांब, जरा रडक्या सुरात. तो गेला.

पंधरा दिवसांनी पुन्हा हजर. म्हैस आता दूध देते, तीन लिटर, तक्रार नाही. पहाटे बायको 'राय, राय' म्हणायला लागली की गल्लीतली पोरं दगड घेऊन दारात येतात, तेही चालेल. पण एकदा राय म्हटलं की म्हैस तिथून हलतच नाही. चरायला जात नाही, पाण्याला जात नाही. हिला चल म्हणायचं तर तुमच्यात काय म्हणतात?

आबा विचारात पडले. हलवायला त्यांनी कधी शब्द वापरलाच नव्हता, काठी वापरली होती. बाबांनी 'हो-हो' करून दाखवलं. मी 'चल' सुचवलं.

तेवढ्यात चुलीपुढून, भाकरी थापता थापता, आजीचा आवाज आला. खणखणीत, बाजारात वाढलेल्या बाईसारखा.

"पो अनु, पोतदि."

जा म्हण, जाईल. तरणाबांड हात जोडून गेला. आबा कितीतरी वेळ स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होते. आतून भाकरी थापल्याचा आवाज तेवढा येत राहिला.