परक्या टाइपला घरचा झब्बा

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचा कंपायलर म्हणजे मुलुंडच्या सोसायटीचा सेक्रेटरी: दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये खिळा ठोकायचा नाही. परक्या क्रेटमधल्या (म्हणजे लायब्ररीतल्या) टाइपला परका ट्रेट लावता येत नाही, आणि रस्टचा कोड ब्राउझरमध्ये नेणाऱ्या वॅझम-बाइंडजेनची पाटी तर स्ट्रक्टच्या मूळ व्याख्येवरच लागते. मग अंधेरीच्या सीप्झमधला इंजिनिअर ‘क्रोनो’ या क्रेटमधल्या तारखेला एका फील्डच्या स्ट्रक्टचा झब्बा शिवतो. प्रत्येक मेथड हातानं कोण लिहिणार? म्हणून मॅक्रो! पण मॅक्रोला त्या टाइपच्या पोटातलं काहीच दिसत नाही. हातात दिलेले टोकन तेवढे कळतात. तेव्हा मेथडींची यादी पुन्हा साहेबांनीच टंकायची. (याला ऑटोमेशन म्हणतात, पगारवाढीच्या अर्जात तरी.) एवढं करून ब्राउझरमध्ये पोचते तारीख, जी जावास्क्रिप्टकडे १९९५पासून आहेच.