बागेची पाटी जागेवर नेऊन ठेव

फलटणमधल्या त्या अनोळखी खेळाडूस,

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ लिहितात. प्रेम आत्ता वाटत नाही, म्हणून नुसता नमस्कार. तुझं नाव मला ठाऊक नाही आणि शोधायचंही नाही. केलंस काय, ते मात्र माहीत आहे. बागेच्या फाटकावरच्या पाटीचा फोटो काढलास, पोकेमॉन गो या फोनवरच्या खेळात नवा स्टॉप म्हणून तिचं नामांकन केलंस आणि नकाशावरची खूण बागेवर न ठेवता स्वतःच्या गल्लीत ठेवलीस. कारणही उघड आहे. खुणेपासून ८० मीटरच्या आत असलं की स्टॉप फिरवून खेळातल्या वस्तू मिळवता येतात. आता तुला कॉटवरून उठावं लागत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत नऊ वर्षांच्या पुतणीला घेऊन मी त्या खुणेमागे निघालो. नकाशावर बागेचं नाव होतं, पाटीचा फोटो होता. आम्ही पोहोचलो ते एका पत्र्याच्या फाटकापाशी. दोरीवर धुणं वाळत होतं. एक आजी बाहेर आल्या. “कुणाकडं आलाय?” मला काही बोलता येईना. पोरीनं फोन पुढे केला, “आजी, यात इथं बाग दाखवतायत.” आजी म्हणाल्या, “मागच्या आठवड्यातबी तिघं जण असंच फोन घिऊन उभी होती. मला वाटलं, मीटर बघाय आलेत.” खाजगी घराच्या आवारात खूण नको, हा नियम नामांकनाच्या अटींत आहे, तो अशा आजींसाठीच. तू तो वाचला असणारच. वाचूनही त्यांच्या दारात रोज परकी माणसं उभी केलीस.

पाटीच का निवडतात, हे तुला सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगतो. बाग लांबरुंद पसरलेली असते, नकाशाला मात्र एक बिंदू लागतो. म्हणून पाटी पुढे करतात. माणसांनी जिथं फिरायला, भेटायला, अंग हलवायला जावं अशी जागा खेळाला हवी असते, आणि पाटी त्या जागेच्या वतीनं उभी राहते. नगरपरिषदेचं नाव, उद्घाटनाची तारीख, वेळा, खाली ‘फुले तोडू नयेत’. साधा पत्रा, पण परक्या माणसाला तो खात्रीनं सांगतो, की तू ठरल्या जागी आलास. तू नेमकी तीच खात्री खोटी केलीस.

आपल्यासारख्या गावात अशी लबाडी जास्त लागते. २०१२ साली सुरू झालेल्या इन्ग्रेस या खेळाच्या खेळाडूंनी जगभरातली देवळं, पुतळे, बागा नोंदवल्या. २०१६च्या जुलैत पोकेमॉन गो आला तेव्हा त्याच नोंदींचे स्टॉप झाले. भारतात तो १४ डिसेंबर २०१६ला अधिकृतपणे आला, रिलायन्स जिओच्या साथीनं, आणि रिलायन्सची दुकानंही स्टॉप झाली. जिथं आधी कुणी नोंदवलं नव्हतं तिथं नकाशा मोकळा राहिला. तो भरायचा तर गावच्याच माणसानं बऱ्याच वरच्या लेव्हलपर्यंत खेळून एकेक जागा लिहायची. मग वेफेअरर या नामांकनं तपासायच्या संकेतस्थळावर दुसरे खेळाडू, बहुतेकदा फलटण कधीही न पाहिलेले, फोटो आणि उपग्रहाचं चित्र बघून मत देतात. त्यांनी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

आता माझ्या रागाचं खरं कारण. खेळानं नकाशाचे चौकोन पाडलेत, साधारण ७० मीटरचे. एका चौकोनात स्टॉप एकच दिसतो. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं छोटं देऊळ आहे. संध्याकाळी पाराभोवती म्हातारी मंडळी बसतात. ते मी लिहून पाठवलं, मंजूरही झालं. इन्ग्रेसमध्ये ते दिसतं. पोकेमॉन गोमध्ये दिसत नाही, कारण त्या चौकोनात तुझी खोटी बाग बसली आहे. आणि खऱ्या बागेत, जिथं मुलं घसरगुंडीवर आहेत, तिथं काहीच नाही. एका लबाडीत दोन जागा गेल्या. तुझी ही खोटी नोंद इतर खेळांतही जाते. २०२५मध्ये पोकेमॉन गो नायअँटिक कंपनीकडून स्कोपली कंपनीकडे गेला. मालक बदलला, तुझी पाटी गल्लीतच राहिली.

तुला स्टॉप हवेच होते तर फलटणमध्ये लिहायला काय कमी होतं? जबरेश्वराचं दगडी देऊळ आहे. मुधोजी मनमोहन राजवाडा आहे, राममंदिर आहे. महानुभाव पंथाचे लोक लांबून इथं दर्शनाला येतात, कारण चक्रपाणी प्रभूंच्या आठवणी या गावाशी जोडलेल्या आहेत. आषाढीला निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी तरडगावहून येऊन इथं मुक्काम करते आणि पुढे बरडला जाते. शिवाजी महाराजांच्या थोरल्या राणीसाहेब सईबाई या निंबाळकरांच्या घरच्या, हे त्यांचं माहेर. वर्णनाच्या रकान्यात यातली एक ओळ लिहिली असतीस तर कुठल्या तरी परगावच्या पोरानं ती वाचली असती. बागेच्या वर्णनात तू लिहिलंस ‘छान जागा’. जागा तरी बरोबर द्यायची होतीस.

मला तुझा अपमान करायचा नाही. इतक्या वरच्या लेव्हलला पोहोचलास म्हणजे मैलोन् मैल चालला असशील, तेही याच उन्हात. तेच पाय आहेत. बाग काही फार लांब नाही.

जागा बदलण्याची दुरुस्ती मी ॲपमधून पाठवली आहे. तूही पाठव, दोन पाठवल्या तर तपासणाऱ्यांना खात्री पटायला सोपं जाईल. रविवारी सकाळी सात वाजता मी पुतणीला घेऊन बागेच्या फाटकाशी असेन. पाटीवर वेल चढलाय, तो थोडा बाजूला धरावा लागेल, म्हणजे नाव नीट येईल. एकानं वेल धरायचा, एकानं फोटो काढायचा. ये.

तुझ्याच गावचा,
एक खेळाडू