तळ्याकाठचा बंगला विकणे आहे

पावसाळ्यात सोन्याच्या भावाआधी राकसकोपची पाणीपातळी वाचणारी माणसं बेळगावात आहेत. आकडा 2475 फुटांवर गेला की जलाशय भरला, नळाची चिंता मिटली. आमच्या ओळखीचे एक काका मात्र तो आकडा बंगल्याच्या किमतीसाठी वाचतात.

बंगला आजोबांचा. निपाणीच्या तंबाखूत चार पैसे सुटले तेव्हा त्यांनी डोंगराच्या कुशीत चिऱ्याच्या भिंती आणि मंगळुरी कौलं उभी केली. समोर तेव्हा भातशेती होती. पुढे मार्कंडेय नदी अडवली आणि तळं आपल्या पायांनी दारात आलं. काकांनी मग आवारात भाड्याच्या पाच खोल्या काढल्या आणि त्यांना मार्कंडेय, ताम्रपर्णी, हिरण्यकेशी, घटप्रभा, मलप्रभा अशी नावं दिली. पाचही नद्यांचं पाणी शेवटी कृष्णेलाच जातं, भाडं मात्र वेगवेगळं. मलप्रभा आषाढात गळते. पाहुण्यानं तक्रार केली तर काका शांतपणे सांगतात, "नदीचं नाव आहे, पाणी येणारच की!"

आता मुलं बंगळूर-पुण्याला. विकायचं ठरलं. एजंट म्हणाला, जाहिरातीत 'ऐतिहासिक' घालू. 1924 च्या अधिवेशनाला गांधीजी बेळगावात होतेच, इथं एक कप चहा घेतला म्हणू. काका म्हणाले, "अहो, त्या साली इथं पाया खणला नव्हता. आणि गांधीजी चहाच्या विरोधात होते." पहिल्यापेक्षा दुसरी अडचण त्यांना मोठी वाटली असावी.

कागदांची गंमत निराळीच. बंगला कर्नाटकात, त्याचा उतारा कानडीत. मागची आमराई चंदगड तालुक्यात, तिचा सातबारा मराठीत. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला माणूस शेतकरी लागतो. कर्नाटकानं ती अट 2020 साली काढून टाकली. म्हणजे पुण्याचा संगणकवाला झोपाळ्यावर खुशाल बसू शकतो, पण ज्या आंब्याच्या सावलीत झोपाळा आहे तो आंबा घ्यायला त्याच्याकडे स्वतःचा सातबारा हवा. सीमाप्रश्नावर मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. एवढं समजावून कुणी सांगितलं नव्हतं.

गिऱ्हाईकं येतात, पण काका त्यांना स्थळं बघावीत तसे बघतात. एक जण बंब काढून गीझर बसवू म्हणाला, तो बाद. एकीला आवाराच्या भिंतीला पांढरा रंग हवा होता, तीही बाद. शिवाय मुहूर्त लागत नाही. मे महिन्यात तळं आटून चिखल दिसतो, मग दाखवायचं काय? जुलैत तळं भरतं, पण मलप्रभाही भरते. दिवाळीपासून पुढे बघावं, तर पाचही खोल्यांचं बुकिंग झालेलं असतं, आणि राहत्या पाहुण्यांना उठवून घर दाखवणं बरं दिसत नाही.

परवा पुण्याहून एकाचा फोन आला. म्हणाला, घोळ नको, शेवटची किंमत सांगा. काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"किमतीचं बघू की हो. आधी दोन दिवस येऊन राहा. भाडं घेत नाही. जेवणाचं तेवढं द्या."