एकशेआठ

आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये त्याला 'एकशेआठ' म्हणतात. जपमाळेशी संबंध नाही. राज्यात २०१४ पासून त्या नंबरावर रुग्णवाहिका येते, म्हणून. फरक एवढाच, की ती बोलावल्यावर येते.

एरवी हा सहकारी बँकेतला कॅशियर. दोन वर्षांपूर्वी रानावनातल्या प्रथमोपचारांचा दोन दिवसांचा वर्ग करून आला आणि बदललाच. भेटला की आधी रक्तगट विचारतो, मग चहाचं. जिथून दवाखाना तासाभराहून लांब ते रान, असं तिथं सांगितलं होतं. या हिशेबानं संध्याकाळी सात वाजता आमचा सिंहगड रोडही रानातच मोडतो. तेव्हापासून हा भाजी आणायलाही औषधांची सॅक घेऊन जातो.

घरच्यांचे हाल विचारू नका. वहिनींच्या तीन ओढण्यांच्या त्रिकोणी पट्ट्या झाल्या. मुलाचं धडधाकट मनगट पेपरच्या गुंडाळीत बांधून ठेवलं. त्याला रविवारचा अंक उत्तम, पुरवण्यांमुळे कडक बसतो. बाकीचे दिवस पेपर नुसता वाचण्यापुरता. दिवाणावरचा लोड तर रोज सकाळी मरतो. मग त्याला ३० दाब, २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं, दर दाबाला किमान ५ सेंटिमीटर खोल. ठेका चुकू नये म्हणून वर्गात कुठलंसं इंग्रजी गाणं शिकवलं होतं. ते याला जमेना, म्हणून हा तोंडानं ताशा वाजवतो. "दोन वर्षं झाली, लोड अजून शुद्धीवर नाही," वहिनी सांगतात.

पण त्याचं खरं दुखणं वेगळं. पेशंट मिळत नाही. सहा किलोची सॅक पाठीला लावून हा सगळ्यांच्या मागे चालतो, घसाऱ्यावर आमची पावलं निरखतो आणि सगळे नीट उतरले की याचा चेहरा उतरतो. एकदा रतनगडावर एक नवा मुलगा बुटाची नाडी बांधायला खाली बसला. हा वरून ओरडला, "हलू नका!"

"काका, नाडी..."

"मान अजिबात हलवू नका. नाव? कसली ॲलर्जी? रोजची औषधं? आधीचं काही दुखणं? शेवटचं काय खाल्लंत?"

"तुम्ही दिलेली चिक्की."

हे त्यानं वहीत वेळेसकट टिपलं. मग मुलाचं नख दाबून पांढरं केलं आणि पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजलं. दोन सेकंदांच्या आत झालं. हा हिरमुसला, मी डोळ्यांनी पाहिलं.

चेष्टा सोडा, एका बाबतीत मी त्याच्या बाजूचा आहे. काय करायचं नाही, हे तो पक्कं शिकून आलाय. साप चावला की ब्लेडनं कापून विष चोखायचं, वर करकचून दोरी आवळायची, असं कुणी नुसतं बोललं तरी याचा आवाज चढतो. "कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळायचं नाही! अंगठ्या, पैंजण काढा, पाय हलू देऊ नका, माणसाला चालवू नका आणि लस असेल तिथं उचलून न्या." नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते आणि ती घोड्याच्या रक्तापासून करतात, हेही तो वाटेतल्या प्रत्येक वाडीत थांबून सांगतो. खोटी नोट बाजूला काढावी तितक्या शांतपणे तो भगताचं औषध बाजूला काढतो. तिथं तो पुरता कॅशियर असतो.

आणि गेल्या सप्टेंबरात त्याला पेशंट मिळाला. हरिश्चंद्रगडावरून पाचनईकडे उतरताना ओल्या कातळावरून पाय सटकला, तो त्याचाच.

"नाव?" त्यानं स्वतःलाच विचारलं आणि सांगितलंही. शेवटचं खाणं पिठलं-भाकरी. पायाच्या अंगठ्याचं नख दाबून झालं. घोटा टम्म सुजलेला, पण चेहऱ्यावर दोन वर्षांत न दिसलेलं समाधान. त्याच्या सूचनांबरहुकूम आम्ही स्ट्रेचर केलं: दोन काठ्या, तीन जॅकेटं, बाह्या आत, चेन बंद. पंचवीस मिनिटं गेली. उचललं, एक चेन उसवली आणि एकशेआठ परत कातळावर.

"दुसरी दुखापत, अकरा पन्नास," तो म्हणाला. "लिहा."

तेवढ्यात गडावर जेवण देणारे दोघे वर जाताना भेटले. एकानं वाटेवरच्या झोपडीतून बांबू आणला, दुसऱ्यानं खांद्यावरची घोंगडी सोडली, दोन टोकांना दोन गाठी मारल्या आणि झोळी तयार. पाच मिनिटंही लागली नसतील.

"ही गाठ कुठली?" झोळीतून प्रश्न आला.

"गाठ हाये ती, भाऊ. पावसाळ्यात वाडीवरची बाई अडली की आसंच नेतो रस्त्यापोतर."

खाली पोचेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. पुढच्या ट्रेकच्या यादीत पहिलं नाव त्याचंच आहे. सॅकमध्ये आता घोंगडीही आलीय, आणि डॉक्टरांनी त्याला ओझं उचलायला मनाई केल्यामुळे सॅक माझ्याकडे आहे.