स्थावराची पदवी आणि आत्याची सही

बसवकल्याण तालुक्यातील कोहिनूरसारख्या गावात बारावी झालेल्या मुलाने स्थावर मालमत्ता विकास, म्हणजे जमीन मिळवून, परवानग्या काढून, तीवर बांधून विकण्याचे शास्त्र, शिकण्याचा मनोदय जाहीर केला की घरातील वडीलधारे ‘म्हणजे प्लॉटिंगच ना?’ एवढेच विचारतात, आणि त्या प्रश्नात विषयाची व्याख्या व त्याबद्दलचे मत दोन्ही येऊन जातात.

हा विषय भारतात बहुधा पदवीनंतर शिकवला जात असल्यामुळे आधी स्थापत्य अभियांत्रिकी करून मग पुण्याच्या निकमारसारख्या संस्थेकडे वळावे, असा सल्ला मिळतो. परंतु कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या या तालुक्यात संस्थेच्या आधी राज्य निवडावे लागते. राज्यघटनेच्या 371 (जे) या अनुच्छेदामुळे कल्याण कर्नाटकातील विद्यार्थ्याला कलबुर्गीकडे राखीव जागांचा आधार असतो, तर महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी त्या राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशात सीमाभागाचा वेगळा प्रवर्ग आहे. दोन राज्यांचा जमिनीवरून चाललेला वाद हीच ज्याची प्रवेशपात्रता ठरते, त्याचा पहिला धडा अर्ज भरतानाच पुरा होतो.

एकर म्हणजे 40 गुंठे आणि गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, तेव्हा तीस बाय चाळीस फुटांच्या ‘साइटी’, म्हणजे भूखंड, एकरात 36 बसतात, हे गणित गावातील कोणताही काका पारावर बसून तोंडी करतो. त्यात रस्त्याला व गटाराला जागाच नसल्यामुळे मधल्या घरातील माणूस आपल्या घरात कोठून शिरणार, एवढा प्रश्न तेवढा उच्च शिक्षणासाठी राखून ठेवलेला असतो.

तरीही खरी अडचण मांडणीची नसून मालकीची असते, आणि मालकीचे शास्त्र तर याच तालुक्यातले. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या काळी कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, लिहिली. वडिलार्जित मालमत्तेत मुलाचा जन्मतःच हक्क असतो हे तिचे तत्त्व देशाच्या मोठ्या भागात कायदा होऊन बसले, आणि 2005 च्या दुरुस्तीने तो हक्क मुलींनाही मिळाला. अभ्यासक्रम निवडताना त्यातील वित्तव्यवस्थापनाच्या तासिका मोजण्याऐवजी वारसाहक्काच्या मोजाव्यात, हे कोणतेही माहितीपत्रक सांगत नाही.

हे कळते ते शुल्क भरताना. त्यासाठी अर्धा एकर विकायचे ठरताच खरेदीदाराचा वकील पहाणीत, म्हणजे जमिनीचा कब्जा व पीक नोंदवणाऱ्या उताऱ्यात, अजून आजोबांचेच नाव असल्याचे दाखवतो, सर्व्हे नंबर फोडून वेगळा नकाशा करण्याची, म्हणजे पोडीची, मागणी करतो आणि तिन्ही आत्यांच्या सह्या आणायला पाठवतो. उमरग्याची आत्या दुसऱ्याच दिवशी येते, सोलापूरची दिवाळीत येईन म्हणते. पनवेलची मात्र गुंठ्याचा दर विचारते, आणि प्रवेशाची मुदत संपेपर्यंत त्या घरात या विषयात सर्वाधिक प्रगती तिचीच झालेली असते.